फाटकापाशी परत

शिशिर मला पहिल्यांदा भेटला तेव्हा त्याचा उजवा गाल बधिर होता. प्रेमकथेची सुरुवात याहून बरी असू शकते, पण जे झालं ते झालं.

मोहालीत आमचं ऑफिस पहिल्या मजल्यावर आहे आणि दुसऱ्या मजल्यावर दातांचा दवाखाना. आम्ही गेम बनवतो. फळं फोडायचे नव्हेत, गोष्टीचे. आमच्या गेममध्ये शहरात साथ येते, माणसांचे झोंबी होतात आणि उरलेसुरले लोक एका शाळेच्या बसमधून डोंगराकडे निघतात. झोंबी आपले तोंडी लावायला. खरा खेळ बसमधल्या माणसांचा... कोणाला घ्यायचं, कोणाला उतरवायचं, कोणाशी खोटं बोलायचं. पडद्यावर प्रश्न येतो, खाली दहा सेकंदांचं घड्याळ पळतं, आणि तुम्ही काहीच निवडलं नाही तर तुमचं गप्प बसणं हेच उत्तर धरलं जातं.

ते प्रश्न मी लिहिते. मी म्हणजे नेत्रा पेठे.

दर शनिवारी बाहेरच्या कोणाला तरी बोलावून गेम खेळायला बसवायचं, ही आमची पद्धत. खेळणाऱ्याने मनात येईल ते मोठ्याने बोलायचं. लिहिणाऱ्याने त्याच्या मागे खुर्ची टाकून बसायचं आणि अवाक्षर काढायचं नाही. मदत नाही, खूण नाही, उसासासुद्धा नाही. त्या शनिवारी बोलावलेला मुलगा आलाच नाही. तेव्हा आमची प्रोड्यूसर रागिणी जिन्यात गेली आणि दवाखान्यातून उतरणाऱ्या एका उंच माणसाला धरून घेऊन आली.

"बस आधा घंटा, जी," ती त्याला पटवत होती. "खेळायचं आणि बोलत राहायचं."

"बोव नई फकता," तो म्हणाला आणि गालाकडे बोट दाखवलं.

बोलत राहायची अट, आणि माणूस मूग गिळून बसलेला. मला हसू आलं, पण मला हसायचीही परवानगी नव्हती.

तो खेळायला बसला. सावकाश खेळत होता. लोक झोंबी मारायला धावतात. हा बसमधल्या प्रत्येकाशी आधी बोलून घेत होता. मग तो प्रसंग आला. गेममध्ये एक म्हाताऱ्या बीजी, म्हणजे पंजाबी आजी, आहेत. त्यांच्या हाताला झोंबी चावलेला असतो आणि तो हात त्यांनी ओढणीखाली लपवलेला असतो. कालका रस्त्यावरच्या एका रेल्वे फाटकापाशी त्या आपणहून उतरतात, खाटेवर बसतात आणि म्हणतात, 'तुम्ही व्हा पुढे.' तुम्ही त्यांना खरं बोला, खोटा धीर द्या नाहीतर गप्प राहा, बस निघतेच. हा प्रसंग मी फार चांगला लिहिला होता. शनिवारी येणाऱ्यांपैकी बरेच जण इथे रडायचे.

माणसं सोडून जाण्याचे प्रसंग मला जमतात, कारण माझा सराव दांडगा आहे. बाबा केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात. दर तीन वर्षांनी बदली. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं आमचं. जबलपूर, जयपूर, गुवाहाटी, मग चंदीगड. आमच्या घरातले पडदे कुठल्याच खिडकीला कधी नीट बसले नाहीत. जबलपूरच्या मापाचे पडदे जयपूरला आखूड झाले आणि गुवाहाटीला जमिनीवर लोळले. मैत्रिणींचंही तेच. मी लहानपणीच ठरवून टाकलं होतं की फार जीव लावायचा नाही आणि निघताना फार बोलायचं नाही. चंदीगडचं तिसरं वर्ष चालू होतं, म्हणजे ऑर्डर येणारच होती.

तर, बस निघायला तयार झाली. त्या माणसाने बसच्या दारात पाय ठेवला... आणि मागे वळला. फाटकापाशी चालत गेला आणि बीजींच्या खाटेसमोर उभा राहिला.

तिथे काही नव्हतं. बीजी नुसत्या डोळे मिचकावत बसलेल्या. परत येणाऱ्यासाठी मी एक ओळसुद्धा लिहिली नव्हती. कारण तोवर कोणी परत आलंच नव्हतं.

तो तसाच उभा. मला राहवेना. मी ओठांतल्या ओठांत पुटपुटले, "अरे जा ना बाबा पुढे, काय खांबासारखा उभा राहिलायस."

"मराठी कळते मला," तो वळून न बघता हिंदीत म्हणाला. शब्द अडखळत होते, पण कळले.

मग त्याने वळून पाहिलं आणि हसला. हसला म्हणजे डावी बाजूच हसली. उजवी अजून झोपलेली होती.

आमचा प्रोग्रामर सुशांत याने नोंद केली — 'खेळाडू फाटकापाशी अडकला.' मी म्हटलं, अडकला नाही, थांबला. सुशांतला दोन्हींतला फरक कळला नाही. खरं सांगायचं तर मलाही तेव्हा पूर्ण कळला नव्हता.

*

शिशिरचे वडील मेडिकल इन्स्टिट्यूटमध्ये डॉक्टर. घराणं मूळचं कराडचं, पण हा चंदीगडमध्येच जन्मला, वाढला. घरी आई मराठीत बोलणार आणि हा हिंदीत उत्तर देणार, असं त्यांचं चालतं. माझ्याशीही तेच चालू झालं. त्याचं बोलणं मी इथे मराठीतच लिहिते, कारण आठवताना मला ते मराठीतच आठवतं. तो सेक्टर चौतीसमधल्या एका कोचिंगमध्ये फिजिक्स शिकवतो.

रूट कॅनल एका बैठकीत संपत नाही, हे माझं नशीब. पुढच्या शनिवारी तो पुन्हा बधिर गाल घेऊन खाली आला. बाहेर हिवाळी पाऊस रिपरिपत होता, समोरचा राउंडअबाउट धुक्यात दिसत नव्हता. मी चहा दिला. तो त्याने डाव्या कोपऱ्यातून प्यायचा प्रयत्न केला आणि अर्धा शर्टावर घेतला. मी रुमाल पुढे केला. त्याने रुमाल घेतला... आणि परत दिलाच नाही.

"त्या दिवशी परत का फिरलास?" मी विचारलं.

"त्या एकट्या होत्या."

"खोट्या आहेत त्या. आकृती आहे ती."

"मग तू त्यांना इतकं खरं का लिहिलंस?"

मी त्याचा कप पुन्हा भरला.

"आणि तू वर्गात काय करतोस?" मी विषय बदलला. "तुमच्याकडे म्हणे मुलांना श्वास घ्यायला वेळ देत नाहीत."

"मी देतो. प्रश्न विचारतो आणि थांबतो."

"आणि उत्तर नाही आलं तर?"

"अजून थांबतो. शेवटी कोणी ना कोणी बोलतंच." त्याने कप खाली ठेवला. "मागे घड्याळ लावलं की मुलं पाठ केलेलं उत्तर देतात. खरं नाही देत."

हा टोमणा माझ्या दहा सेकंदांना होता. नाकाला मिरच्या झोंबल्या खऱ्या, पण घरी जाताना मी तेच आठवत होते.

तिसऱ्या बैठकीला दाताचं काम संपलं. मग कॅप बसली. मी मनात म्हटलं, चला, संपलं. पुढच्या शनिवारी पाहते तर स्वारी पुन्हा दारात.

"आता काय?"

"दुसरा दात दुखतोय."

"कुठला?"

"ते अजून ठरवलं नाही."

रागिणीने मान खाली घालून कीबोर्ड बडवायला सुरुवात केली. तिला हसू लपवता येत नाही.

त्यानंतर तो खेळायला येत नसे, नुसता येत असे. कधी आम्ही त्याच्या कोचिंगजवळ मोमो खायचो, कधी बसने पिंजौरला जायचो. तिथल्या बागेपेक्षा मला बाजार आवडायचा, आणि मला बाजार आवडतो म्हणून त्याला. एकदा येताना बसमध्ये एकच जागा मिळाली. त्याने मला बसवलं, आणि दांडी धरून उभा राहिला. वळणावर बस कलली की त्याच्या स्वेटरची बाही माझ्या कपाळाला लागायची. मी डोकं बाजूला घेतलं नाही. त्यानेही हात हलवला नाही. चंदीगड येईपर्यंत आम्ही दोघंही हवापाण्यावर बोलत होतो.

याच सुमारास मी फाटकासाठी एक ओळ लिहिली. परत येणाऱ्यासाठी. हिंदीत काही सुचेना, म्हणून मराठीत लिहिली. आमच्याकडे खरा आवाज मिळेपर्यंत लिहिणारीच आपल्या फोनवर ओळ बोलून तात्पुरती लावून ठेवते. तशी मी ती ऑफिसच्या जिन्यात उभं राहून बोलले आणि गेममध्ये लावून दिली. नंतर हिंदी करू म्हटलं. पण बीजींना आवाज देणाऱ्या बाईंचं रेकॉर्डिंग तोवर उरकलेलं होतं, आणि नंतर म्हणजे कधी, ते मी कोणालाच सांगितलं नाही. मलाही नाही.

*

मार्चमध्ये बाबांची ऑर्डर आली. भोपाळ.

आईने त्याच दिवशी माळ्यावरचे खोके उतरवले. "तुझं काम काय, कुठूनही होतं," ती म्हणाली, आणि मी मान हलवली. माझ्या कामाला कुठलीही खिडकी चालते, हे खरंच आहे. शिशिरला मी सांगितलं नाही. सोमवारी सांगू म्हटलं, मग गुरुवारी. तो भेटायचा, मी हसायचे, तो बोलायचा आणि मी मनात म्हणायचे की याला कळेपर्यंत मी भोपाळात असेन. बरं पडेल. रडारड नको, प्रश्न नकोत.

सांगून टाकते... मला बरं पडणार नव्हतं. जेवण जात नव्हतं.

आमच्या इथल्या मराठी मंडळात पाडव्याच्या कार्यक्रमाला एक रीत आहे. त्या वर्षी ज्यांची बदली झाली त्या कुटुंबांना स्टेजवर बोलावतात, शाल, नारळ देतात आणि त्यांच्याबद्दल दोन शब्द बोलतात. निम्मं मंडळ बदलीवालं, त्यामुळे ही रीत कधी चुकत नाही. शिशिर मंडळात कधी फिरकत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. पण मीच बोलताबोलता त्याला म्हटलं होतं की पाडव्याला तिथली पुरणपोळी चुकवू नये.

तो आला होता. आईला घेऊन, इस्त्रीचा कुर्ता घालून, तिसऱ्या रांगेत.

"श्री. श्यामकांत पेठे, सौ. सुहासिनी पेठे आणि कन्या नेत्रा," माइकवरून नाव पुकारलं. "भोपाळसाठी आपल्या सर्वांच्या शुभेच्छा."

स्टेजवर उभी राहून मी समोर पाहिलं. तो टाळ्या वाजवत होता. सगळे वाजवत होते म्हणून वाजवत होता, आणि मग त्याचे हात थांबले. माझ्या हातात कोणीतरी नारळ ठेवला. आपल्याकडे हाती नारळ दिला याचा जो अर्थ होतो, तो मला त्या दिवशी नीट कळला.

तो मला जेवणाच्या रांगेपाशी भेटला.

"कधी सांगणार होतीस?"

"ट्रक निघाल्यावर," मी म्हणाले. खोटं बोलून काय होणार होतं.

तो रागावला नाही. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. भांडण मिटवता येतं, निदान वाढवता तरी येतं.

"थांब म्हण ना मग," मीच म्हणाले. "नाहीतर जा म्हण. काहीतरी म्हण."

"नाही म्हणणार."

"का?"

"मी विचारलं की तुझं घड्याळ सुरू होईल, नेत्रा. आणि तुला घड्याळाखाली एकच उत्तर येतं." त्याने माझ्या हातातली रिकामी ताटली घेतली, त्यात एक पुरणपोळी वाढली, वर तूप घातलं आणि ताटली परत दिली. "तुझा निर्णय तू आरामात घे. मी आहे."

आणि तो गेला. मी ती पोळी खाल्ली. चव लागली नाही, पण टाकवेनाही.

*

त्याच आठवड्यात आमच्या गेमचा पहिला भाग लोकांना फुकट खेळायला मिळाला. ऑफिसात केक कापला. मी घरी येऊन खोके भरले. शिशिरचा फोन नाही, मेसेज नाही. मी वाट पाहत होते असं नाही. फोन खिशातून हातात आणि हातातून खिशात चालला होता, इतकंच.

ट्रक रविवारी येणार होता. शनिवारी सकाळी मी स्टुलावर चढून हॉलचे पडदे काढत होते. आई खाली उभी राहून घडी घालत होती.

"तिथल्या खिडक्यांना होतील का गं हे?" आई म्हणाली.

"नाही होणार. कधी झालेत?"

फोन वाजला. शिशिरचा मेसेज. अक्षर एक नाही, नुसता व्हिडिओ. मी स्टुलावरूनच तो लावला. आमचा गेम होता. कालका रस्ता, फाटक, उभी असलेली बस. खेळणारा बसच्या दारापर्यंत गेला, वळला, आणि खाटेसमोर जाऊन उभा राहिला. काही झालं नाही. तो उभाच. मी पुढे सरकवणार होते, इतक्यात बीजींनी मान वर केली आणि त्यांच्या तोंडून माझा आवाज आला. जिन्यात घुमलेला, थोडा घाबरलेला, चक्क मराठीत.

'परत आलास? कोणी परत येत नाही असंच मी धरून चालले होते. आता आलाच आहेस तर बस जरा. काही बोलू नकोस. नुसता बस.'

ती ओळ कोणी बदललीच नव्हती. ती आता जो कोणी गेम उतरवून घेईल त्याच्या घरी पोचली होती. पण ऐकायला मिळणार कोणाला? जो फाटकापाशी परत जाऊन मुकाट उभा राहील त्याला. असा मला एकच माणूस माहीत होता.

"हा तुझा आवाज ना?" आई खालून म्हणाली. "कोणाला बस म्हणतेयस?"

मी स्टुलावर उभी होते, एका हातात फोन, दुसऱ्या हातात जबलपूरचा पडदा. आणि एकदम मला कंटाळा आला. पडद्यांचा, खोक्यांचा, न सांगता निघून जाण्यातल्या माझ्या हुशारीचा. इतकी वर्षं मी त्याला शहाणपण म्हणत होते. ती भीती होती.

"आई, मी भोपाळला येत नाही."

आईने घडी अर्धवट ठेवली. "तो दाताचा मुलगा ना?"

"तुला कसं माहीत?"

"दर शनिवारी येऊन त्याचीच दातदुखी सांगायचीस. एका माणसाचे किती दात दुखतात गं? मला काय कळत नाही?" ती पुन्हा घडी घालायला लागली, पण तिचे डोळे भरले होते. "अगोदर सांगितलं असतंस तर तुझे खोके वेगळे बांधले असते."

बाबा पेपरातून वर बघून म्हणाले, "राहणार कुठे? पीजीत गिझर असतो का?" त्यांची ती परवानगी होती.

*

सेक्टर चौतीसमध्ये शनिवारी दुपारी पाय ठेवायला जागा नसते. पोरं, दप्तरं, झेरॉक्सवाले, भिंतीभर पहिल्या आलेल्यांचे फोटो. मी शिशिरच्या कोचिंगच्या फाटकापाशी उभी राहिले. पोरांचा लोंढा माझ्या दोन्ही बाजूंनी गेला. मध्येच सुशांतचा फोन आला. "नेत्रा, माझ्या गेममध्ये कोणी मराठी बाई शिरलीय," तो ओरडत होता. मी नंतर बोलते म्हणून फोन ठेवला. मला तिथून हलायचं नव्हतं.

तो सगळ्यांच्या शेवटी बाहेर आला. बोटांना निळा मार्कर, बगलेत पुस्तकं. मला पाहून थांबला. हिंदीत बोलेल असं मला वाटलं होतं.

"परत आलीस?" तो म्हणाला. मराठीत. जन्मभर ऐकलेली आणि कधी न बोललेली मराठी, सावकाश, एकेक शब्द तपासून. "आता आलीच आहेस तर... बस जरा."

आम्ही पायरीवर बसलो. त्याने पुस्तकं बाजूला ठेवली. ओळीप्रमाणे मी काही बोलायचं नव्हतं, पण ओळ माझीच होती, मोडायला मला कोणाची भीती.

"मी जात नाहीये," मी म्हणाले. "कोणी थांबवलं म्हणून नाही. मला जायचं नाही म्हणून. आणि तुला न सांगता जाणार होते, ते चुकलं माझं."

त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मला तू आवडतेस, नेत्रा. पहिल्या दिवसापासून. हा प्रश्न नाहीये. उत्तराची घाई नाही."

"मलाही तू आवडतोस."

"दहा सेकंदसुद्धा घेतले नाहीस."

"पाठ केलेलं उत्तर नाहीये हे," मी म्हणाले.

तो हसला. या वेळी दोन्ही बाजूंनी. मग त्याने खिशातून माझा रुमाल काढला, धुतलेला, घडी घातलेला, आणि माझ्या हातात दिला. मी तो परत त्याच्याच खिशात ठेवला.

गेममधली ती ओळ रागिणीने बदलू दिली नाही. कोणी अधूनमधून लिहून विचारतं की फाटकावरची म्हातारी कुठली भाषा बोलते, आणि सुशांत वैतागून त्यांना उत्तरं देतो.

मला सेक्टर चौतीसजवळच एक खोली मिळाली. गिझर आहे. खिडकी एकच, पण मोठी, आणि खालचा रस्ता दिसतो. सामान लावायच्या दिवशी शिशिर फोनवर कोणाशी तरी बोलत होता म्हणून मीच स्टुलावर चढले आणि टेप धरली. टेलरला पडद्यांची लांबी कळवायची होती.

"थोडी जास्त ठेव," शिशिर खालून म्हणाला. "पुढे दुसरीकडे लागले तर कामाला येतील."

"नको," मी म्हणाले. "याच खिडकीच्या मापाचे शिवू दे."